‘अजून थोडं नीट होऊ दे’

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक तरुण फिजिओथेरपिस्ट दवाखाना चालवते. तिच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या पुढचे. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा आखडलेला खांदा. एसटीने तासभर प्रवास करून आलेल्या आजींना व्यायाम शिकवायचे आणि पुढच्या खेपेला ‘विसरले गं बाई’ हे ऐकायचं, हे तिला नेहमीचं झालं होतं. म्हणून तिने ठरवलं, दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ मराठीतच करायचे आणि यूट्यूबवर ठेवायचे. घरातल्या नातवाने मोबाइलवर लावून दिले की आजींचं काम भागेल.

दीड वर्षानंतर तिच्या मोबाइलमध्ये ३७ व्हिडिओ होते आणि यूट्यूबवर फक्त २. उरलेल्या ३५ मधल्या एकात मागे कुकरची शिट्टी वाजली होती, एकात पंख्याची घरघर होती, एकात बोलता बोलता ओढणी सावरली होती. बऱ्याच व्हिडिओंत ‘पाणी’चं ‘पानी’ झालं होतं. ‘पुण्या-मुंबईचे लोक हसतील’ या धास्तीने ती एकेक व्हिडिओ चार-चार वेळा पुन्हा करायची आणि रात्री साडेबाराला ‘अजून थोडं नीट होऊ दे’ म्हणून बाजूला ठेवायची.

त्याच सुमारास तिच्याकडे एक आजी सुजलेला गुडघा घेऊन आल्या. गावातल्या ग्रुपवर एक रील फिरत होतं. ‘गुडघा दुखला तरी रोज शंभर उठाबशा काढा, महिनाभरात पळायला लागाल,’ असं त्यात कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं. आजींनी जमतील तेवढ्या काढल्या होत्या.

अशा अनेक अनुभवांवरून बेतलेलं हे एक उदाहरण आहे. फिजिओथेरपिस्टच्या जागी शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आहारतज्ज्ञ, पिकावरच्या किडीची पारख असलेला शेतकरी किंवा दिवाळीचा फराळ शिकवू पाहणारी गृहिणी यांपैकी कुणीही चालेल. ज्यांना चुकण्याची भीती वाटते ते गप्प बसतात आणि ज्यांना ती वाटत नाही ते बोलत राहतात. म्हणूनच हा प्रश्न एका व्यक्तीच्या स्वभावापुरता राहत नाही. जाणकारांनी रिकामी ठेवलेली जागा दुसरं कुणीतरी भरून काढतं.

ध्यास आणि धास्ती

चांगलं काम करण्याची इच्छा आणि चूक होण्याची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण दोन्हींना ‘परफेक्शनिस्ट स्वभाव’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मानसशास्त्रज्ञांनी हा फरक बराच आधी टिपला होता. १९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी परिपूर्णतेचा हट्ट मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात स्वतःसाठी उच्च निकष ठेवणं वेगळं मोजलं होतं. चुकांची चिंता आणि केलेल्या कामाबद्दल सतत वाटणारी शंका वेगळी. पुढच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निकष उंच असल्यामुळे माणूस चालढकल करतो असं नाही. चालढकलीचं नातं प्रामुख्याने चुकांच्या चिंतेशी आणि ‘लोक काय म्हणतील’ या भीतीशी आहे.

१९९१ मध्ये पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. पहिला, स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा. दुसरा, इतरांकडून तशी अपेक्षा. तिसरा, ‘जगाला माझ्याकडून अचूकताच हवी आहे, नाहीतर मला किंमत नाही’ हा समज. चिंता आणि नैराश्य यांच्याशी या तिसऱ्या प्रकाराचा संबंध विशेष ठळक आढळतो. आणि सर्वाधिक वाढतो आहे तोही हाच प्रकार. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून तपासली. स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती, तर जगाच्या अपेक्षांचं ओझं सुमारे ३३ टक्क्यांनी.

हे आकडे आपल्याकडचे नाहीत, पण त्यामागचं वातावरण आपल्याला अनोळखी नाही. ‘९५ टक्के मिळाले? उरलेले पाच कुठे गेले?’ हा प्रश्न आपल्या घरांमध्ये कौतुकाने आणि चेष्टेने विचारला जातो. मूल मात्र त्यातून शिकतं की जे मिळवलं त्यापेक्षा जे निसटलं ते महत्त्वाचं. भाषेच्या बाबतीतही तेच होतं. ‘न’ आणि ‘ण’ची अदलाबदल झाली म्हणून वर्गात हशा पिकलेला असतो. तो हशा वीस वर्षांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर पुन्हा कानात वाजतो.

टाळल्यावर मिळणारं बक्षीस

चूक झाली की मेंदूला ती फार लवकर कळते. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या, तर चुकीचं बटण दाबल्यानंतर साधारण एक दशांश सेकंदाच्या आत एक विशिष्ट लहर उमटलेली दिसते. कपाळामागच्या भागात, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या बाजूला चुकांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. ही लहर प्रामुख्याने तिथली असल्याचं मानलं जातं. ज्यांना चिंतेचा त्रास आहे, त्यांच्यात ती सरासरीने अधिक मोठी आढळते. चूक तेवढीच असते, पण आतली घंटा मोठ्याने वाजते.

ही घंटा बंद करण्याचा सोपा उपाय म्हणजे ते काम पुढे ढकलणं. व्हिडिओ ‘ड्राफ्ट’मध्ये टाकला की त्या क्षणी हायसं वाटतं. छातीतली धडधड कमी होते. हेच बक्षीस मेंदू लक्षात ठेवतो. ‘टाळलं की बरं वाटतं’ हा धडा पक्का होतो आणि पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. कुत्र्याची भीती असलेला माणूस गल्ली बदलून जात राहिला, तर भीती जात नाही, उलट मुरते. इथेही तेच घडतं. शिवाय न दाखवलेल्या कामाला कुणी नावं ठेवलेली नसतात, त्यामुळे ‘दाखवलं असतं तर हसले असते’ हा समज तपासून पाहण्याची संधीच येत नाही.

याचा भार शरीरावरही पडतो. रात्री उशिरापर्यंत स्क्रीनसमोर बसून तेच तेच दुरुस्त करणं, अपुरी झोप, मानेत आणि खांद्यांत ताठरपणा, डोकेदुखी, पित्त वाढल्याची तक्रार, चिडचिड. असे रुग्ण डॉक्टरांकडे येतात ते डोकेदुखीची किंवा पोटाची गोळी मागायला. रात्री किती वाजता झोपता आणि झोपण्याआधी काय करत असता, हे विचारलं की मग खरी गोष्ट बाहेर येते.

आपला आवाज आपल्यालाच का खटकतो?

रेकॉर्डिंग ऐकून ‘शी, माझा आवाज असा आहे?’ असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही, ते भौतिकशास्त्र आहे. आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक वाट हवेतून कानापर्यंतची, दुसरी कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णापर्यंतची. हाडांतून येणाऱ्या कंपनांमुळे आवाजातला खर्जाचा भाग भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट नसते, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि रुग्णांनी मात्र आपला तोच ‘परका’ आवाज आयुष्यभर ऐकलेला असतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

चेहऱ्याचंही तसंच. आपल्याला सवय असते आरशातल्या उलट्या प्रतिमेची. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना त्यांचीच दोन छायाचित्रं दाखवली, एक सरळ आणि एक आरशाप्रमाणे उलटं. स्वतःला अधिक आवडलं ते बहुधा उलटं. मित्रमैत्रिणींना आवडलं ते सरळ. ज्याला जे रोज पाहायची सवय, त्याला ते बरं वाटलं.

‘सगळे माझ्याच चुका बघताहेत’ हा समजही तपासला गेला आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. ‘किती जणांच्या लक्षात आलं असेल?’ असं विचारल्यावर त्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं सुमारे पाव लोकांच्या.

समाजमाध्यमांवर खवचट बोलणारे असतात, हे खरंच आहे. स्त्रियांच्या वाट्याला ते जास्त येतात. पण त्यासाठी सोय आहे. सुरुवातीच्या काळात प्रतिक्रिया बंद ठेवता येतात, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करता येतं आणि पहिले काही व्हिडिओ ओळखीच्या लोकांपुरतेच ठेवता येतात.

डार्विनच्या सहा आवृत्त्या

विज्ञानाच्या इतिहासातही रोखून धरलेल्या कामाचं एक मोठं उदाहरण आहे. चार्ल्स डार्विनने नैसर्गिक निवडीच्या कल्पनेचा आराखडा १८४२ मध्ये पेन्सिलीने लिहून काढला होता. १८४४ मध्ये त्याचा सुमारे २३० पानांचा निबंध झाला. आपण मेलो तर तो प्रसिद्ध करावा, अशी सूचना त्याने पत्नीसाठी लिहून ठेवली. त्यानंतर मात्र निबंध तसाच राहिला आणि पुढची सुमारे आठ वर्षं डार्विन समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या कवचधारी जिवांचा अभ्यास करत होता. १८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र आलं. त्यात जवळपास तीच कल्पना होती. मग हालचाल झाली. १ जुलै १८५८ रोजी दोघांचं लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचलं गेलं आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक बाजारात आलं.

इतका काळ जाण्यामागे नेमकं काय होतं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पुरावे गोळा करण्याची शास्त्रज्ञाची निष्ठा त्यात होतीच. आपल्या विषयाशी नातं आहे ते पुढच्या गोष्टीचं. ज्या पुस्तकाने जीवशास्त्र बदललं, ते डार्विनच्या मते त्याच्या नियोजित मोठ्या ग्रंथाचा केवळ सारांश होता. पहिल्या आवृत्तीत त्याने पोहता पोहता तोंड उघडं ठेवून किडे पकडणाऱ्या अस्वलाचं उदाहरण देऊन, अशा प्राण्यापासून देवमाशासारखा जीव घडू शकेल, असं सुचवलं होतं. टीका झाली आणि दुसऱ्याच आवृत्तीत त्याने तो भाग छाटला. १८७२ पर्यंत पुस्तकाच्या सहा आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीत त्याने दुरुस्त्या केल्या. अभ्यासिकेत बसून ज्या शंका सुचल्या नव्हत्या, त्या वाचकांनी सुचवल्या.

कुठे काटेकोर, कुठे सैल

याचा अर्थ ‘कसंही करा आणि टाकून द्या’ असा नाही. औषधाचा डोस, व्यायामात सांध्यावर येणारा ताण, कीटकनाशकाचं प्रमाण यांत चूक चालणार नाही. मात्र चुकीची भीती जिथे सर्वात रास्त आहे, त्या शस्त्रक्रियागृहात वैद्यकशास्त्राने शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक छोटी तपासयादी आणली. तिच्यात १९ मुद्दे आहेत: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा बरोबर आहे ना, ॲलर्जी विचारली का, सुया आणि बोळे मोजले का. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. एवढ्या मोठ्या फरकासाठी सर्जनला कधीच न चुकणारा माणूस व्हावं लागलं नाही. महत्त्वाच्या मोजक्या गोष्टी दर वेळी तपासल्या गेल्या.

आपल्या कामासाठीही अशीच पाच-सहा मुद्द्यांची यादी करता येते. फिजिओथेरपिस्टसाठी ती अशी असेल: व्यायाम कुणासाठी आहे ते सांगितलं का? कुणी करू नये ते सांगितलं का? किती वेळा करायचा ते सांगितलं का? दुखणं वाढलं तर काय करायचं ते सांगितलं का? आवाज ऐकू येतो का? सगळ्यांची उत्तरं ‘हो’ आली की व्हिडिओ प्रसिद्ध करायचा. कुकरची शिट्टी, ओढणी आणि ‘ण’ या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा चित्रीकरण नाही. यादी आधी, शांत डोक्याने करायची. काम झाल्यावर केली तर तिच्यात नवे मुद्दे घुसत राहतात.

भीती मोडायची कशी?

परिपूर्णतेच्या हट्टासाठी बोधात्मक वर्तनोपचार पद्धतीचा उपयोग होतो, असं अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. हट्टाबरोबर चिंता आणि नैराश्याची लक्षणंही त्याने कमी होतात. त्यातलं एक तंत्र घरी वापरून पाहण्यासारखं आहे. व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी वहीत लिहायचं: ‘मला काय होईल असं वाटतंय?’ उदाहरणार्थ, ‘दहा जण तरी उच्चारावरून हसतील.’ आठवड्याने त्याखाली लिहायचं: ‘प्रत्यक्षात काय झालं?’ सात-आठ नोंदी झाल्या की भाकीत आणि वास्तव यांतलं अंतर आपल्याच अक्षरात समोर येतं. दुसऱ्या कुणी ‘घाबरू नको’ म्हटल्याने जे होत नाही, ते या वहीने होतं.

पुढची पायरी थोडी धिटाईची. एखादी निरुपद्रवी उणीव मुद्दाम ठेवायची. मागे दाराची घंटा वाजली तर वाजू द्यायची, अडखळलेलं वाक्य तसंच ठेवायचं. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल. न टाळता थांबलं की ती अस्वस्थता आपोआप ओसरते आणि दर खेपेला थोडी लवकर ओसरते.

दुरुस्तीलाही मर्यादा हवी. चित्रीकरण जास्तीत जास्त दोनदा आणि काटछाटीला अर्धा तास. रात्री दहानंतर संपादन नाही. झोप मोडून केलेल्या शेवटच्या दहा दुरुस्त्या सकाळी बहुधा आपल्यालाही ओळखू येत नाहीत. प्रसिद्ध केल्यावर दर पाच मिनिटांनी ‘लाइक’ मोजण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच आकडे पाहावेत.

राहिला प्रश्न सातत्याचा. परिपूर्णतेचा हट्ट इथेही आडवा येतो. एक आठवडा चुकला की ‘आता सगळंच बिघडलं’ म्हणून काम बंद पडतं. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात रोजच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं आढळलं. पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. त्यांनी नोंदवलेली आणखी एक बाब दिलासा देणारी आहे. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही. म्हणून दिवस ठरवताना झेपेल असाच ठरवावा. रोज एक म्हणून दहा दिवसांत थकण्यापेक्षा दर गुरुवारी एक बरा. एखादा गुरुवार हुकला, तर भरपाई म्हणून दोन करायचे नाहीत. पुढच्या गुरुवारी एकच करायचा.

मदत कधी घ्यावी?

परिपूर्णतेचा हट्ट हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. पण तो चिंताविकार, नैराश्य, मंत्रचळ आणि खाण्याच्या विकारांसोबत दिसू शकतो. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, काम किंवा अभ्यास ठप्प झाला असेल, तीच गोष्ट तपासल्याशिवाय राहवत नसेल, छोट्या चुकीनंतर दिवसेंदिवस स्वतःला दूषणं दिली जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटावं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर वेळ दवडू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

लातूरकडच्या त्या फिजिओथेरपिस्टने सुजलेल्या गुडघ्याच्या आजी येऊन गेल्यावर पाच मुद्द्यांची यादी भिंतीवर चिकटवली आणि गुरुवार ठरवला. पहिला व्हिडिओ होता साधा: झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती दाबायची, पाच सेकंद धरायचं आणि सोडायचं. तिसऱ्या आठवड्यात उजवा पाय दाखवताना तोंडाने ‘डावा’ म्हटलं गेलं. रात्री उशिरा ते लक्षात आलं आणि व्हिडिओ काढून टाकायला हात शिवशिवले. तिने तो ठेवला आणि खाली दुरुस्ती लिहिली.

‘पानी’वरून एकाने टोमणा मारला. वहीतल्या भाकितात दहा जण होते. त्याच व्हिडिओखाली एका नातवाने विचारलं होतं, ‘मॅडम, आजीला खाली जमिनीवर झोपता येत नाही. खाटेवर केलं तर चालेल का?’ खाट मऊ असेल तर टॉवेल रुततो आणि गुडघ्याला दाबायला आधार मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सांगायला हवं, हे आधीच्या ३५ व्हिडिओंत एकदाही सुचलं नव्हतं. पुढच्या गुरुवारचा विषय तोच ठरला.